फाईलसोबत आलेल्या सर्टिफिकेटमधली पब्लिक की (सही तपासायची उघडी किल्ली) काढून कोडमध्ये सही तपासली, तर तेवढं पुरे का?

नाही. याच वाक्यावरून माझं एकदा चांगलंच वाजलंय, म्हणून लिहितोय.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी आम्ही बिलांचं सॉफ्टवेअर करत होतो. सूतवाल्यांची बिलं डिजिटल सही केलेल्या एक्सएमएलमध्ये यायची. आमच्या सिनियरचा कोड फाईलच्या आतलंच सर्टिफिकेट उचलायचा, त्यातल्या कीने सही तपासायचा, जुळली की हिरवी टिक. मी म्हटलं, सर, हे म्हणजे चोरालाच विचारायचं, तू चोर आहेस का. तर म्हणे, "आरएसए 2048 बिट आहे, तुझ्या सात पिढ्यांना मोडायची नाही." अहो, मोडायचीय कुणाला?

जेवणाच्या सुट्टीत ओपनएसएसएल या फुकट टूलने सूतवाल्याच्या नावाचं सेल्फ-साइन्ड, म्हणजे आपणच आपल्याला दिलेलं, सर्टिफिकेट बनवलं. नाव काय, वाट्टेल ते टाकता येतं. 84,000 चं बिल 8,40,000 केलं, माझ्या कीने सही ठोकली, सर्टिफिकेट आत चिकटवलं. दुपारी मालकांसमोर डेमोत तीच फाईल टाकली. हिरवी टिक! मालकांनी चष्मा वर केला, "म्हणजे साडेसात लाख जास्त गेले असते की ओ!" सर गप्प. पुढच्या महिन्यात मी दुसऱ्या प्रोजेक्टवर. कोड दुरुस्त झाला, त्यावर नाव सरांचं.

तेव्हा आधी सर्टिफिकेटची साखळी तपासा, म्हणजे ते कुणी दिलं आणि देणाऱ्याला कुणी मान्यता दिली ते. आपल्याकडच्या डीएससीची (डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेटची) साखळी परवानाधारक सीएमार्गे (सर्टिफाइंग ऑथॉरिटी, सर्टिफिकेट देणारी संस्था) सीसीएच्या (त्या संस्थांवरचं सरकारी नियंत्रक कार्यालय) रूटपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्टिफिकेटपर्यंत पोचते. तो रूट तुमच्याकडे आधीपासून हवा, फाईलमधून घ्यायचा नाही. मग सर्टिफिकेटवरचं नाव बिल पाठवणाऱ्याचंच आहे का ते बघा. की काढून सही तपासणं त्यानंतर. पायथॉनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीत व्हेरिफाय काहीच परत देत नाही, चुकलं तर एक्सेप्शन फेकतं. त्याला 'इफ'मध्ये घालून बसलेले महाभाग मी पाहिलेत. एक्सएमएलची सही मात्र हाताने तपासायला जाऊ नका, तयार लायब्ररी घ्या.

हो, एक राहिलं. सर्टिफिकेटची मुदत आज संपली म्हणून जुनं बिल खोटं ठरत नाही. सही केली त्या वेळी ते चालू होतं का, रद्द तर झालं नव्हतं ना, हे बघायचं. आणि ती वेळ विश्वासू टाइमस्टॅम्पवरून (त्रयस्थ संस्थेने सही करून दिलेली वेळ) घ्या. बिलावरची तारीख काय, मीही टाकली होतीच.