नाशिकमध्ये राहून जॉन मॅकलॉफ्लिन यांचं गिटारवादन शिकायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षं रॉक वाजवताय, त्यांच्या महाविष्णू ऑर्केस्ट्राचं ‘बर्ड्स ऑफ फायर’ ऐकल्यापासून झपाटून गेलाय, पण हात त्या वेगानं चालत नाही. माझं स्पष्ट मत: वेगाचा नाद सध्या सोडा. पंचवटी, गंगापूर रोड, जिथे सोयीचं पडेल तिथे तबल्याची शिकवणी लावा आणि आधी ताल तोंडात बसवा.

मॅकलॉफ्लिन यांचं आयुष्यही तेच सांगतं. 1942 साली इंग्लंडमध्ये डॉन्कास्टरजवळ जन्म, आई व्हायोलिन वाजवायची, अकराव्या वर्षी गिटार हाती आली. 1969 मध्ये ते ड्रमर टोनी विल्यम्सच्या ‘लाइफटाइम’ बँडसाठी न्यूयॉर्कला गेले आणि त्याच वर्षी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘इन अ सायलेंट वे’ आणि ‘बिचेस ब्रू’ या अल्बममध्ये वाजवलं. 1971 पासून महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा स्वतःचा बँड: दोन मानांची इलेक्ट्रिक गिटार, प्रचंड आवाज, जगभर नाव. त्या काळातच ते अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात वीणा शिकत होते. मग तबलावादक झाकिर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्यासोबत मांडी घालून, ॲकॉस्टिक गिटार घेऊन ‘शक्ती’ या नव्या बँडमध्ये बसले. हा बदल समजला की त्यांचं अर्धं वादन समजलं.

‘शक्ती’ची गिटार एब वेक्टर या गिटार-कारागिरानं बनवली होती. मुख्य सहा तारांखालून तिरक्या जाणाऱ्या तरफेच्या (न छेडता आपोआप झंकारणाऱ्या) सात तारा आणि पडद्यांच्या मधलं लाकूड खोलगट कोरलेलं. बोट लाकडाला टेकत नाही म्हणून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) सहज निघते. पण तेवढ्याच सहज सूर चढतो, कारण जरा जोरात दाबलं की तार खाली वाकून ताणली जाते. म्हणून स्वतःची गिटार कोरायला देऊ नका. साध्या इलेक्ट्रिकवर 9–42 जाडीच्या (म्हणजे बारीक) तारा लावा. तिसऱ्या तारेवर नववा पडदा वाजवून सूर कानात धरा, मग सातव्या पडद्यावरून तार ओढून तिथेच पोहोचा. ॲकॉस्टिकवर तिसरी तार बहुधा गुंडाळीची असते, ती एवढी ओढली जात नाही. तिथे मींड अर्ध्या सुराचीच ठेवा.

आता खरा रियाझ. मेट्रोनोम 60 वर, प्रत्येक ठोक्याला एक टाळी, आणि एका टाळीत पाच अक्षरं: त-दि-गि-ण-तोम. दक्षिणेत याला कोनक्कोल म्हणतात. पाचही अक्षरं समान अंतरावर पडली पाहिजेत, ‘तोम’ लांबला की गेलं. हे दहा मिनिटं न अडखळता जमलं की गिटार घ्या.

इथे बहुतेकांचा हात फसतो. पाच हा विषम आकडा. पिक खाली-वर चालवलं तर पहिल्या टाळीचा पहिला सूर खाली येतो, दुसऱ्या टाळीचा वर. वरचा आघात कमजोर पडतो, म्हणून हात नकळत लागोपाठ दोनदा खाली जातो आणि लय तुटते. उपाय एकच: मुद्दाम ‘वर’पासून सुरू करून तोच आघात ठसठशीत काढायचा. हे कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

पुढे तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं. तीनतालात (16 मात्रा) एका मात्रेत चार अक्षरं धरा. तेराव्या मात्रेपासून त-दि-गि-ण-तोम, एक अक्षराची जागा रिकामी, परत तेच, परत एक रिकामी, तिसऱ्यांदा तेच. 5+1+5+1+5 म्हणजे 17, आणि चार मात्रांत बसतात 16. म्हणजे शेवटचा ‘तोम’ बरोब्बर समेवर. ढोलपथकात वाजवणारा मित्र असेल तर त्याला ठेका धरायला बसवा. नाशिक ढोल वाजवणाऱ्याचा हात सहसा ढळत नाही.

ऐकताना 1971 चं ‘द इनर माउंटिंग फ्लेम’, मग लगेच 1976 चा ‘शक्ती’चा पहिला अल्बम, आणि नंतर मागे जाऊन 1969 चं ‘एक्स्ट्रापोलेशन’. ‘बर्ड्स ऑफ फायर’चं आवर्तन 18 ठोक्यांचं आहे, तेही आधी फक्त टाळ्या देत मोजा.

आणि ॲकॉस्टिक असेल तर आपल्याकडच्या हवेचं भान ठेवा. एप्रिल-मेमध्ये लाकूड आकसून पडद्यांची टोकं बोटाला लागतात, पावसाळ्यात पुढची फळी फुगून तारा वर उचलल्या जातात. गिटार केसमध्ये ठेवा, आत आर्द्रतामापक टाका, काटा 45 ते 55 टक्क्यांत राहू द्या.