सासूबाईंना सांगून टाका

अमेरिकेतल्या एडिसनहून एका सुनेचं पत्र आलंय, भलं मोठं. नवऱ्याची नोकरी गेलीय, एच-वन-बी या कामाच्या व्हिसाचे 60 दिवस (नवी नोकरी शोधायला, नाहीतर गाशा गुंडाळायला मिळतात ते) चालू झालेत, आणि सांगलीला सासूबाईंना अजून पत्ताच नाही. रोजच्या व्हिडिओ कॉलला नवरा इस्त्रीचा शर्ट चढवून लॅपटॉपसमोर बसतो म्हणे (खाली पायजमा, ते जाऊ दे). ती लिहिते, "ताई, त्यांनी शेत गहाण टाकून याला एमएसला पाठवलं, आता या वयात त्यांच्या जिवाला घोर लावायचा का? न ब्रूयात् सत्यमप्रियम्, कडू सत्य बोलू नये, असं आपल्यातच सांगितलंय ना?"

अगं, तो श्लोक पुरा तरी वाचायचास! मनुस्मृतीतला आहे, चौथ्या अध्यायातला, आणि सगळे सोयीने तिथेच थांबतात. लगेच पुढे आहे, प्रियं च नानृतं ब्रूयात्, गोड वाटलं तरी खोटं बोलू नये. चार दिवस गप्प बसलात ते समजू शकते गं, पण शर्ट घालून नाटक म्हणजे गप्प बसणं नव्हे.

आमच्या धाकट्या दिरांनी 2009 च्या मंदीत हेच केलं. सासऱ्यांनी बिचाऱ्यांनी मुलाचा पगार चालू आहे असं धरून कोथरूडला फ्लॅट बुक केला, टोकन देऊन मोकळे. पैसे बुडाले त्याचं त्यांना एवढं नाही वाटलं, "मला विचारायचं सोडलंत तुम्ही" हे मात्र शेवटपर्यंत बोलून दाखवायचे. तुझ्या सासूबाईही तुमच्या भरवशावर काहीतरी ठरवत असतीलच की. आणि ज्या बाईने शेत गहाण टाकायची हिंमत केली तिला नोकरी गेल्याचं झेपणार नाही हे तुम्ही कुठून काढलंत? उपकाराची जाण आहे म्हणतेस, मग त्यांना लहान मूल समजू नका.

नवऱ्यालाच सांगू दे, तू नको सांगूस, नाहीतर उद्या "सुनेकडून कळलं" होईल. रविवारी तुमच्या सकाळी, तिकडे संध्याकाळ असते, झोपायच्या तोंडावर नको. पुढचंही सांगा, की मुदतीत दुसऱ्या कंपनीने त्याच्यासाठी पिटिशन, म्हणजे सरकारकडे अर्ज, भरलं तर ठीक, नाहीतर बी-टूचा, म्हणजे पर्यटक व्हिसाचा अर्ज, नाहीतर घरी परत. आणि आय-94 ची, म्हणजे तिथे कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीवरची, तारीख बघ आधी, ती 60 दिवसांच्या आत संपत असेल तर तीच धरायची.

पत्रातलं बाकीचं पटकन. मुलगी इंग्रजीत उत्तर देते तर देऊ दे, तू मराठीतच बोलत राहा. तिकडच्या मराठी मंडळींच्या अधिवेशनाला यंदा जाऊ नका. शेजारणीचा डबा रिकामा परत नको देऊस, चिमूटभर साखर तरी घाल.