अमेरिकेतल्या कॉलेजांचे बास्केटबॉल कोच पोलीस केस असलेल्या, ड्रग्जच्या नादी लागलेल्या मुलांना संघात का घेतात? त्यात त्या मुलांचं भलं होतं का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर लगेच देता येतं, दुसऱ्याचं मी अजून शोधते आहे. अमेरिकेत पीएचडी करताना मी एका विद्यापीठात खेळाडूंच्या अभ्यास केंद्रात चार वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. माझ्यासमोर बसलेल्या मुलांपैकी काहींचा भूतकाळ तुम्ही म्हणता तसाच होता.

का घेतात? बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच खेळाडू असतात. क्रिकेटमध्ये एकाने शतक ठोकलं आणि बाकीचे दहा ढेपाळले तर सामना हातचा जातो. इथे एकच असामान्य पोरगा चाळीसपैकी पस्तीस मिनिटं मैदानावर असतो आणि अख्ख्या संघाचं नशीब पालटतो. कोचची नोकरी जिंकण्यावर टिकते. मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार २०१६ साली २०३२ पर्यंत वाढवला, तेव्हा त्या वाढीव आठ वर्षांची किंमत ठरली ८.८ अब्ज डॉलर. इतका पैसा खेळात असल्यावर ज्याच्या हातात जादू आहे त्याची फाईल कितीही काळी असली तरी कुणी ना कुणी कोच त्याच्या दाराशी जातोच.

खरा प्रश्न दुसरा आहे. त्यासाठी दोन कोचची गोष्ट सांगते.

१९९३ च्या फेब्रुवारीत व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन गावात एका बोलिंग सेंटरमध्ये (जड चेंडू घरंगळवून खुंट्या पाडण्याचा खेळ जिथे चालतो तिथे) गोऱ्या आणि काळ्या मुलांची मारामारी झाली, खुर्च्या फेकल्या गेल्या. अटक झाली ती चौघांना, आणि चौघेही काळे. त्यातला एक होता १७ वर्षांचा ॲलन आयव्हर्सन, राज्यातला सर्वांत नावाजलेला शाळकरी खेळाडू. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालला. शिक्षा १५ वर्षांची, त्यातली १० स्थगित. चार महिने तो आत होता, मग गव्हर्नर डग्लस वाइल्डर यांनी त्याला सोडलं. १९९५ मध्ये वरच्या कोर्टाने पुरेसा पुरावा नाही म्हणून ती शिक्षाच रद्द केली. पण तोपर्यंत त्याच्या मागे लागलेली बहुतेक कॉलेजं केव्हाच पांगली होती. शिक्षा रद्द होण्याच्या आधीच त्याची आई वॉशिंग्टनला गेली होती आणि जॉर्जटाउन विद्यापीठाचे कोच जॉन थॉम्पसन यांच्यापुढे तिने पदर पसरला, माझ्या पोराला वाचवा म्हणून.

थॉम्पसन म्हणजे पावणेसात फुटांहून उंच, आवाज घुमणारा, खांद्यावर कायम पांढरा टॉवेल. १९८४ साली मार्चमधल्या त्या राष्ट्रीय स्पर्धेचं विजेतेपद मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य कोच. मला मात्र ते आठवतात ते त्यांच्या ऑफिसातल्या एका वस्तूमुळे. तिथे हवा काढलेला, चेपलेला एक बास्केटबॉल ठेवलेला असे. येणाऱ्या प्रत्येक मुलाला तो दिसायचा. चेंडूतली हवा एक दिवस जाणार, तेव्हा तुझ्याकडे काय उरणार? संघाच्या अभ्यासाची जबाबदारी त्यांनी मेरी फेनलन या पूर्वी नन असलेल्या शिक्षिकेवर सोपवली होती आणि सामन्याला त्या कोचच्या बाकावर बसत. चार वर्षं टिकलेल्या ७७ खेळाडूंपैकी ७५ जण पदवी घेऊन बाहेर पडले. आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस शहरातल्या कोकेनच्या धंद्याचा म्होरक्या रेफुल एडमंड आपल्या खेळाडूंबरोबर हिंडतो असं कळल्यावर थॉम्पसन यांनी त्याला थेट ऑफिसात बोलावून घेतलं आणि माझ्या मुलांपासून लांब राहा असं तोंडावर बजावलं. पोरं सांभाळणं म्हणजे काय, हे मला या एका प्रसंगातून कळतं.

आयव्हर्सन पदवी न घेता दोन वर्षांत निघाला, हे खरं आहे. थॉम्पसन यांच्या हाताखालून असा लवकर एनबीएला, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलच्या लीगला, जाणारा तो पहिलाच. १९९६ मध्ये एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडले तेव्हा त्याचं नाव सगळ्यांत आधी पुकारलं गेलं. २०१६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला तेव्हा भरल्या डोळ्यांनी त्याने थॉम्पसन यांचे आभार मानले ते जीव वाचवल्याबद्दल.

दुसरे कोच जेरी टार्केनियन. त्यांचाही टॉवेल प्रसिद्ध, पण ते सामनाभर तो दातांत धरून चावत बसायचे. लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठात त्यांनी अशाच नाकारलेल्या पोरांना घेऊन संघ उभा केला आणि १९९० च्या अंतिम सामन्यात ड्यूक विद्यापीठाला १०३–७३ असं धुतलं. एनसीएए या नियामक संस्थेशी ते आयुष्यभर भांडले, सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, आणि १९९८ मध्ये संस्थेने त्यांना २५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. अनेकांना ते बदमाश वाटायचे. मला तसं वाटत नाही. या मुलांवर त्यांची माया होती. पण नुसती माया पुरत नाही.

न्यूयॉर्कचा लॉइड डॅनियल्स त्यांनी आणला तेव्हा तो सहा फूट सात इंच उंच, पासिंग असं की जाणकार थक्क व्हावेत. आई लहानपणीच गेलेली, चार-पाच शाळा फिरून एकीतूनही पास झालेला नाही, धड वाचताही येत नव्हतं. टार्केनियन यांचा एक सहायक कोच तर कायद्याने त्याचा पालक झाला. १९८७ च्या फेब्रुवारीत क्रॅक (कोकेनचाच एक प्रकार) विकत घेताना तो पोलिसांच्या सापळ्यात सापडला. लास वेगासकडून एकही सामना न खेळता सगळं संपलं. दोन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. तो जगला, आणि १९९२ मध्ये एनबीएत खेळलाही, सॅन अँटोनिओच्या संघाकडून. त्या हंगामाच्या सुरुवातीला तिथले कोच पुन्हा टार्केनियनच होते.

पुढे कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो स्टेट विद्यापीठात त्यांनी ख्रिस हेरनला घेतलं. ड्रग टेस्टमध्ये नापास होऊन बॉस्टन कॉलेजातून बाहेर पडलेला मुलगा. १९९७ मध्ये तो पुन्हा घसरला, तेव्हा त्याला २८ दिवस उपचारांना पाठवलं आणि मग परत घेतलं. हे त्यांनी चांगलंच केलं असं मी म्हणेन. पण २८ दिवसांत व्यसन जात नाही. हेरन एनबीएत पोचला आणि मग हेरॉइनच्या गर्तेत गेला. १ ऑगस्ट २००८ पासून तो व्यसनमुक्त आहे आणि शाळाशाळांतून मुलांशी बोलतो.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. मारामारी किंवा व्यसन एक, आणि दुसऱ्या कुणाच्या देहावर केलेला अत्याचार वेगळा. १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका खेळाडूने लैंगिक अत्याचाराचा गुन्हा कबूल केलेला असतानाही मोठी कॉलेजं त्याच्यात रस घेत होती. एका विद्यापीठाने तर पीडित मुलीलाही शिष्यवृत्ती देऊ केली, आणि त्यावर इतका गदारोळ झाला की त्या खेळाडूचा विचारच सोडून द्यावा लागला. त्याला दुसरी संधी द्यायची, हे सगळे बोलत होते. त्याच आवारात त्या मुलीने रोज त्याला समोरून येताना पाहायचं का, हे कुणी विचारलं? इंडियाना विद्यापीठाने २०१७ मध्ये अशा गुन्ह्यातल्या खेळाडूंना प्रवेशच नाही असा नियम केला. तो मला पटतो.

आता माझं. माझ्याकडे एक मुलगा यायचा, बालसुधारगृहातून ज्युनिअर कॉलेज (तिकडे ते बारावीनंतरचं दोन वर्षांचं कॉलेज) आणि तिथून आमच्याकडे आलेला. दोन्ही गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या प्लास्टिकने गुंडाळलेल्या, पाय टेबलाखाली मावायचे नाहीत म्हणून आडवा बसायचा. तासाभरात खाली पाण्याचं थारोळं. स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती वर-खाली होतात त्याचं माप, त्याला कळेना, मग मी त्याच्याच शेवटच्या दहा सामन्यांचे गुण मांडले. पाच मिनिटं कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, “म्हणजे मी बेभरवशाचा आहे, मॅम.” मग आम्ही दोघांनी मिळून संघातल्या प्रत्येकाचा हिशेब काढला.

आम्हा ट्यूटरना नियम कडक होते. त्यांच्या वहीत आपलं पेन लावायचं नाही, गाडीतून सोडायचं नाही, कॉफीसुद्धा घेऊन द्यायची नाही, कारण तो खेळाडूला दिलेला वाढीव लाभ ठरायचा. दुसऱ्या वर्षी त्याचा गुडघा गेला. हंगाम संपल्यावर त्याची शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवली नाही आणि उन्हाळ्याच्या सत्रात एका गुरुवारी माझ्या वेळापत्रकातून त्याचं नाव गायब होतं. ज्या कोचने त्याच्या आजीच्या घरी जाऊन, तिच्या हातचं जेवून त्याला आणलं होतं, त्याने मला विचारल्यावर एवढंच सांगितलं की तो आता रोस्टरवर, संघाच्या यादीत, नाही.

पुढच्या गुरुवारी तो स्वतःच आला, कुबड्या घेऊन, तीच वही काखेत. अभ्यास केंद्रात त्याला आता बसता येत नव्हतं. आम्ही ग्रंथालयाच्या तळमजल्यावर गेलो. तो संघात नसल्यामुळे त्या दिवशी पहिल्यांदाच मला त्याला कॉफी घेऊन देता आली. परीक्षेला तीन आठवडे होते. आम्ही रीग्रेशनपासून सुरुवात केली.