माय बोलत नाही, भाऊ फोन उचलत नाही

पत्र (थोडक्यात): ताई, आमचं गाव राळेगाव तालुक्यात. 2001च्या दिवाळीनंतर बाबा गेले तेव्हा माय पंचवीस वर्षांची होती. मी आठ वर्षांची, भाऊ पाचचा, धाकटी अंगावर पिणारी. बाबांनी स्वतःच जीव दिला हे मला तेव्हाच समजलं होतं, पण घरात ‘पान लागलं’, म्हणजे साप चावला, असंच सांगितलं आणि पुढंही तेच चाललं. भावाला मायनं देवळी तालुक्यात मामाकडं ठेवलं. तो तिथंच शिकला, तिथंच राहिला. ‘मला टाकून देलं’ म्हणतो, मायशी धड बोलत नाही. मी सातवीतून शाळा सोडली. आता माझी मुलगी सहावीत आहे. एका लग्नात कुणीतरी तिला आजोबांचं खरं सांगितलं, तेव्हापासून रोज विचारते. मला आमच्या घराची सगळी हकीकत एका वहीत लिहून ठेवायची आहे. पण बाबांनी असं का केलं, हे मायला विचारलं की ती म्हणते, ‘कायले मढं उकरतं? गेलं ते गेलं.’ काका म्हणाले, ‘हिस्सा पायजे असन तर सरळ सांग.’ माझं चुकतंय का?
– थोरली

थोरले,

लिहायचं म्हणतेस त्यात काही चूक नाही. मायला प्रश्न मात्र नको तो विचारलास.

‘त्यानं असं का केलं?’ हे तिला आधी पोलिसांनी विचारलं असणार, मग तेरवीला जमलेल्या बायांनी, मग सासरच्यांनी. ‘तू काय बोलली होतीस त्याला?’ हे त्यातच आलं. आपल्याकडं तरण्या बाईचा नवरा गेला की तिला पांढऱ्या पायाची ठरवायला दोन दिवस लागत नाहीत. इतकी वर्षं गप्प बसून तिनं स्वतःला सांभाळलं, आणि आता पोटची लेकही तेच विचारते.

तो दिवस राहू दे. त्यानंतरचं विचार. पुढच्या मिरगाला बियाणं कुणी उधार दिलं? डवरायला बैल कुणाचे आणले? वेचाईला जाताना धाकटीला कुठं ठेवायची? कापूस वेचणाऱ्या कितीतरी बायांनी धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून लेकरं वाढवली आहेत. कमरेला ओटी बांधायची, तास धरून पुढं जायचं आणि कान मागं झोळीकडं. मजुरी किलोवर, त्यामुळं लेकराला पाजायला बसलं की संध्याकाळी ताणकाट्यावर वजन कमी भरायचं. यातलं तिचं काय होतं ते तिलाच माहीत. हे विचारशील तर ती बोलेल, असा माझा अंदाज आहे, कारण यात तिला कुणापुढं खुलासा द्यायचा नाही. शेंगा फोडताना, तुरी पाखडताना विचार. वही-पेन घेऊन समोर बसलीस तर तिला पुन्हा पंचनामाच वाटेल.

नातीला कळलंय हे मायला सांगितलंस का? पत्रात तसं दिसत नाही. ते आधी सांग. गावात कुणाच्या तोंडून ऐकायला मिळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं.

मुलीला खरंच सांग, ‘पान लागलं’ आता बंद कर. आजोबांनी स्वतः जीव दिला, एवढं सरळ वाक्य सहावीतल्या मुलीला समजतं. कसा, कुठं, हे तपशील देऊ नकोस. कारणही एकच धरू नकोस. कर्ज होतं, पीक बुडालं होतं असं लोक चटकन म्हणतात, आणि त्या वर्षांत आपल्याकडं कापसाचे हाल होतेच. सरकारच्या एकाधिकार खरेदीत कापूस घातला तरी चुकारे, म्हणजे त्याचे पैसे, रखडायचे, सावकार थांबायचा नाही. पण माणसाच्या मनात शेवटी काय होतं ते कुणालाच पुरतं सांगता येत नाही, हेही तिला सांग. आणि ‘आजीमुळं नाही, आमच्यापैकी कुणामुळं नाही’ हे मोठ्यानं म्हण. तुलाही ते आठव्या वर्षी कुणी म्हटलं नसेल. हे सगळं उकलताना घरात कुणाची झोप उडाली, मन फार खचलं, तर 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

काकांचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. गावात जुनं कुणी विचारायला लागलं की वास सातबाऱ्याचाच येतो. पण मनातल्या मनात स्पष्ट कर, तुला हिस्सा हवा आहे की नाही? हवा असेल तर तो वेगळा विषय, वहीच्या आडून काढू नकोस, नाहीतर माय दोन्हीकडं मिटून जाईल. जमीन बाबांच्या नावावर असेल तर 1956च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणं बायको, मुलगा, मुली आणि आई यांचा सारखा वाटा. आजोबांच्या नावावर राहिली असेल तरी आधी गेलेल्या मुलाची बायको-पोरं वारसच. फेरफारात नाव चढलं नाही म्हणून हक्क बुडत नाही. तालुका विधी सेवा समितीत बाईला वकिलाचा सल्ला फुकट मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. जुने फेरफार तिथं नेऊन दाखव.

कागद वहीसाठीही लागतील. जातपडताळणीसाठी काढतो ती वंशावळ पाहिली असशील. पणजोबा, आजोबा, बाप, पोरगा. तीन लेकरं एकटीनं वाढवणारी बाई तीत कुठंच नाही. मायच्या माहेरच्या शाळेत जा, दाखल-खारीज रजिस्टरात तिचं लग्नाआधीचं नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची नोंद मिळू शकते. ती नक्कल तिच्या हातात दे, मग बघ ती किती बोलते.

भावाचं अवघड आहे. एकट्या बाईनं मुलगा मामाकडं ठेवायचा ही तेव्हा सर्रास रीत होती, शिकेल, दोन वेळ जेवेल म्हणून. पण पाच वर्षांच्या पोराला रीत कळत नाही. त्याला एवढंच कळलं, की बहिणी घरी राहिल्या आणि आपल्याला एसटीत बसवलं. तेव्हा मायची वकिली करायला जाऊ नकोस. फोन उचलत नसेल तर देवळीला जा. त्याला काय आठवतं तेवढंच विचार. माय भेटायला यायची का, किती दिवसांनी, काय आणायची? मग हेच मायला विचार. दोघांचं जुळणार नाही. जुळवू नकोस, दोन्ही जसंच्या तसं लिही. त्याला वाटलं तर त्याची पानं त्यालाच लिहू दे. तो मायकडं आलाच पाहिजे, असा हट्ट मात्र धरू नकोस.

आणखी एक, तू विचारलेलं नाहीस तरी सांगते. पत्रात मायबद्दल आहे, भावाबद्दल आहे, मुलीबद्दल आहे. स्वतःबद्दल तू एक ओळ लिहिलीस आणि पुढं गेलीस. माय रोजानं जायची तेव्हा घरी भाकरी कोण टाकत होतं? धाकटी कुणाच्या कडेवर होती? भाऊ ‘टाकलं’ म्हणून रुसला, तुला रुसायलाही कुणी वेळ दिला नाही. वहीत तुझीही पानं असू देत, रागासकट.

आणि पाचवी पास झालेलीला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. तुला चालतं. मुलीच्या शाळेत मुख्याध्यापकांना विचार, फॉर्म ऑनलाइन कधी सुरू होतो ते सांगतील. पाचवी पास झाल्याचा पुरावा म्हणून तुझ्या शाळेचा दाखला आधी काढून ठेव.

– तुझी ताई