पहिला व्हॉइसमेल बसवताना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीचं व्हॉइसमेलचं काम मिळालं, छान झालं. पण सर्व्हरच्या आधी फोनची लाइन बघ. ॲनालॉग, म्हणजे जुन्या पद्धतीची तारेची, असेल तर समोरच्यानं फोन ठेवल्याचं सर्व्हरमधल्या लाइन जोडायच्या कार्डाला कळतं का, हे स्वतः रिंग देऊन तपास. मी एकदा तपासलं नव्हतं. सकाळी मेलबॉक्स उघडला तर फोन ठेवल्यानंतरचं नुसतं टूं-टूं भरलेलं, डिस्क गच्च, गिऱ्हाइकाची ऑर्डर हुकलेली. अजून रुखरुख लागते.

आवाज साठवायची जी.७११ ही पद्धत सेकंदाला ६४ किलोबिट घेते, म्हणजे मिनिटाला साधारण अर्धा एमबी. जीएसएम ही दुसरी पद्धत १३ किलोबिटांत भागवते. निरोपाला ३ मिनिटांची मर्यादा घाल, शांतता ओळखून रेकॉर्डिंग थांबव. ॲस्टरिस्क हे फोन-सर्व्हरचं सॉफ्टवेअर निरोप साध्या फायलींत ठेवतं, बॅकअप रोज घे. यूपीएस हवाच. आणि स्वागताचे शब्द मराठी-कन्नड दोन्हींत, तिथल्याच ऑपरेटर ताईंच्या आवाजात घे. ओळखीचा आवाज ऐकला की माणूस निरोप ठेवतो.