केबिन क्रूच्या मोबाइल डेटावरून नैराश्य ओळखता येतं का? ॲप सुरू करताना काय सांभाळावं?

निदान होत नाही. माणसाच्या नेहमीच्या वागण्यातला फरक तेवढा कळतो, आणि तोही रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, शेजारी ठेवूनच वाचावा लागतो.

रात्री स्क्रीन किती वेळ बंद होती, दिवसभरात किती ठिकाणी जाणं झालं, घरात किती वेळ गेला, हे मोजमाप दहा ते सहा नोकरी करणाऱ्यांना लागू पडतं. रात्रीची फ्लाइट करून लेओव्हरच्या, म्हणजे दोन फ्लाइटमधल्या मुक्कामाच्या, हॉटेलात दुपारभर पडदे ओढून झोपलेली मुलगी ॲपला ‘खोलीबाहेर पडत नाही’ अशी दिसते. फ्लाइट मोडमधले नऊ तास ‘कुणाशी संपर्क नाही’ म्हणून जमा होतात. म्हणून वेळा यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) साठवा, सोबत स्थानिक वेळही ठेवा. रिपोर्टिंगपासून, म्हणजे ड्यूटीवर हजर झाल्यापासून, ड्यूटी संपेपर्यंतचे तास वगळा. लेओव्हरची तुलना लेओव्हरशी, सुट्टीची सुट्टीशी. पहिले सहा-आठ आठवडे नुसती नोंद घ्या, इशारा एकही नको.

जीपीएस दर दहा मिनिटांनी एक मिनिट पुरे. मेसेजचा मजकूर आणि माइक यांना हातच लावू नका. अँड्रॉइडचा बॅटरी सेव्हर ॲप परस्पर बंद करतो, मग डेटाची पोकळी ‘माणूस गप्प झाला’ अशी वाचली जाते. निम्म्याहून कमी नोंदी असलेला दिवस बाद करा.

दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या. गुण ० ते २७, १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांशी बोलणं. झोप आणि थकव्याचे प्रश्न नाइट ड्यूटीमुळेही गुण वाढवतात, तेव्हा उत्तरं सुटी सुटी पाहा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे शून्य नसेल, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी ॲपने नव्हे, नेमलेल्या माणसाने त्या व्यक्तीला फोन करायचा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही स्क्रीनवर दिसू द्या. फोन करणारं कुणी नेमलेलं नसेल तर प्रश्नावली सुरूच करू नका.

सगळ्यात मोठा प्रश्न, डेटा कुणाच्या हाती? कंपनीच्या नक्कीच नको. २४ मार्च २०१५ च्या जर्मनविंग्ज अपघातात १५० जीव गेले. विमान मुद्दाम पाडणाऱ्या सहवैमानिकाने आपलं आजारपण कंपनीपासून लपवलं होतं, रजेच्या फाडलेल्या चिठ्ठ्या त्याच्या घरी सापडल्या. नोकरी जाण्याची भीती असली की लोक दुसरा फोन वापरतात, आणि ज्याला मदतीची जास्त गरज तोच आधी वापरतो. कच्चा डेटा फोनमध्येच राहू द्या, निष्कर्ष फक्त त्या व्यक्तीला दाखवा, आणि तिथूनच पीअर सपोर्टच्या, म्हणजे आधार देण्यासाठी नेमलेल्या, सहकाऱ्याला फोन लावायचं बटण द्या. ते दाबायचं की नाही, हे तिने ठरवायचं.