नाशिकमध्ये बोन्सायची कुंडी बदलताना जुने विटांचे तुकडे आणि प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) परत वापरले तर चालतील का?

हो, चालतील, फक्त आधी चाळून धुवून घ्या. पक्की भाजलेली वीट आणि प्युमिस कुजत नाहीत. त्रास देतो तो मधला बारीक भुगा. तो तळाशी बसतो, निचरा अडतो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात मुळं गुदमरतात. गच्चीवरच्या वड-उंबरांसाठी मी असंच करतो: माल वाळवून मुळं वेचायची, 2 मिमी चाळणीतून पडेल ते टाकायचं, 3 ते 6 मिमीचा खडा ठेवायचा, पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचं, कडक उन्हात वाळवायचं.

नवीन वीट घेताना तुकडा रात्रभर भिजवून बोटांनी चोळून बघा. चिखल झाला तर ती कच्ची. पाडकामातली चुना-सिमेंट चिकटलेली वीटही नको, मिश्रण अल्कधर्मी होतं. इथली काळी खडी स्वस्त आणि निचऱ्याला छान, पण पोटात पाणी धरत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये नुसत्या खडीवर झाड ठेवू नका.

मात्र जुन्या झाडाला मूळकूज असेल किंवा मुळांवर सूत्रकृमीच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म जंतांच्या) गाठी दिसल्या असतील, तर तो माल दुसऱ्या कुंडीत अजिबात घालू नका.